प्रेक्षकांवांचून राहिलेला विनोद



पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता मंचर सोडून पुढें गेला कीं लवकरच आंबेगांव तालुक्याची हद्द संपते, जुन्नर तालुका लागतो आणि थोड्याच वेळांत नारायणगांव येतें. चैत्र-वैशाखांतील जत्रांच्या तोंडावर ह्या गांवांत एक निराळाच बाजार भरतो. लहान लहान राहुट्या ओळीनें उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर एकेका तमाशाच्या फडाची पाटी लागते. आंत फडाचे व्यवस्थापक वही उघडून बसतात. गांवोगांवचे पंच येतात, दोन-चार राहुट्या फिरून पाहतात, चहा होतो, भावाची घासाघीस होते, तारीख ठरते, विसार हातावर पडतो आणि सुपारी पक्की होते. वग कोणता, नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, हें सगळें आधींच विचारून घेतलें जातें. खेळ मागाहून व्हावयाचा. गिऱ्हाईक मात्र आधीं ठरलेलें.

ह्या बाजाराची आठवण आज मुद्दाम काढली, कारण मला आपणांस ह्याच्या अगदीं उलट प्रकारची एक हकीकत सांगावयाची आहे. ती एका ब्रिटिश चित्रपटाची आहे. तो विनोदाच्या अंगानें लिहिला गेला, नामांकित नटनटींनीं त्यांत कामें केलीं, त्याचें चित्रण पुरें झालें, आणि इतकें सगळें होऊन तो चित्रपटगृहांत कधीं लागलाच नाहीं. राहुटींत बसलेल्या एखाद्या व्यवस्थापकास ही गोष्ट सांगितली, तर तो पहिला प्रश्न हाच विचारील कीं, "अहो, मग सुपारी कोणाची होती?" हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. माझें आजचें भाषण म्हणजे त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा एक लहानसा प्रयत्न आहे.

त्या चित्रपटाचें नांव 'हिप्पी हिप्पी शेक'. त्याचा विषय समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. रिचर्ड नेव्हिल नांवाच्या एका ऑस्ट्रेलियन तरुणानें मित्रांच्या साहाय्यानें १९६३ सालीं सिडनी येथें 'ऑझ' नांवाचें एक टवाळखोर मासिक काढलें. पुढें तो लंडनला आला आणि १९६७ पासून त्याच नांवाचें मासिक तेथें चालवूं लागला. न्यायासन, राजकारण, धर्म, शिष्टाचार ह्यांपैकीं कांहींच ह्या मासिकाच्या तावडींतून सुटत नसे. १९७० सालीं संपादकांनीं एक अंक चक्क शाळकरी मुलांच्या हातीं सोंपविला. त्या अंकांतील मजकूर व चित्रें अश्लील आहेत असा आरोप ठेवून नेव्हिल, जिम अँडरसन व फेलिक्स डेनिस ह्या तिघां संपादकांवर खटला भरण्यांत आला. १९७१ च्या उन्हाळ्यांत लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत हा खटला कांहीं आठवडे चालला. बचावाचें काम जॉन मॉर्टिमर ह्यांच्याकडे होतें. हे वकील स्वतः नाटककार व विनोदी लेखक. मार्टी फेल्डमन हा विनोदी नट साक्षीदार म्हणून पिंजऱ्यांत उभा राहिला. थट्टा कोठें संपते आणि गुन्हा कोठें सुरू होतो, ह्याचा काथ्याकूट मोठमोठ्या विद्वानांनीं अत्यंत गंभीर मुद्रेनें केला. तरुणांचीं मनें बिघडविण्याचा कट केल्याच्या मुख्य आरोपांतून ज्यूरीनें तिघांस मोकळें केलें. अश्लीलतेबद्दल मात्र दोषी ठरविलें. पण अपिलांत तो निकालहि टिकला नाहीं.

ह्या दिवसांच्या आठवणी नेव्हिलनें पुढें पुस्तकरूपानें लिहिल्या, आणि त्यांवरून चित्रपट काढण्याचें 'वर्किंग टायटल' ह्या ब्रिटिश संस्थेनें मनावर घेतलें. ही संस्था ह्या धंद्यांत नवखी नव्हती. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्यूनरल' व 'नॉटिंग हिल' हे जगभर चाललेले विनोदी चित्रपट तिचेच. पटकथेच्या कामांत 'बिली एलियट' लिहिणारे ली हॉल होते. दिग्दर्शन बीबन किड्रन ह्या अनुभवी दिग्दर्शिकेकडे होतें. नेव्हिलची भूमिका किलियन मर्फी ह्यांना व त्याच्या प्रेयसीची सिएना मिलर ह्यांना दिली होती. २००७ सालीं चित्रण झालें. जर्मेन ग्रीअर ह्या प्रसिद्ध लेखिका त्या काळच्या मंडळींपैकींच एक. आपण हयात असतांना आपलें सोंग पडद्यावर दुसऱ्या कोणी आणावें, ह्याबद्दल त्यांनीं वृत्तपत्रांतून आपली नाराजी खरमरीत शब्दांत नोंदविली. पुढें संकलनाच्या अवस्थेंत दिग्दर्शिका व लेखक हीं दोघेंहि चित्रपटांतून बाहेर पडलीं. चित्रपट कपाटांत राहिला. नेव्हिल २०१६ सालीं वारले. मर्फी ह्यांना 'ओपनहायमर' मधील कामाबद्दल २०२४ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. परंतु एवढ्या नांवलौकिकाच्या नटाची ही तरुणपणची भूमिका चित्रपटगृहांतल्या प्रेक्षकांपुढें आलीच नाहीं.

हातीं आलेलें पीक असें कोणी टाकून देतो काय, असें आपल्या मनांत आलें असेल. परंतु नारायणगांवच्या टोमॅटोच्या बाजारांत ज्याचा माल जातो त्या शेतकऱ्यास ह्याचें आश्चर्य वाटणार नाहीं. भाव पार कोसळला म्हणजे तो काय करतो? रोपांवर, बांबूवर, तारेवर, औषधावर झालेला खर्च तर होऊन गेलेला असतो. आतां तोडणीची मजुरी, क्रेट आणि गाडीभाडें मिळून येणाऱ्या पट्टीपेक्षां अधिक होणार, असें दिसलें कीं तो माल शेतांतच सोडून देतो. चित्रपटाचें गणित ह्याहून फारसें निराळें नाहीं. चित्रणाचा खर्च हा एक खर्च. आणि जाहिरात, प्रती, वितरण ह्यांचा खर्च हा त्यानंतरचा दुसरा. हा दुसरा खर्च करून तोटा वाढेल अशी भीति मालकास वाटली, तर तयार झालेला चित्रपटहि तो बाजारांत नेत नाहीं. शेतांतला टोमॅटो निदान जमिनीला मिळतो. कपाटांतल्या चित्रपटाचा तितकाहि उपयोग होत नाहीं.

आतां कोणी असें म्हणेल कीं, चित्रपट अडून पडला तर तो विनोदी असो वा करुण असो, नुकसान सारखेंच. पैशाच्या हिशेबानें तें खरें आहे. कलेच्या हिशेबानें नाहीं. करुण प्रसंग आपण एकट्यानें वाचूं शकतों, एकट्यानें रडूं शकतों, आणि रडतांना कोणी पाहत नाहीं ह्याचें आपणांस बरेंच वाटतें. हंसण्याची गोष्ट निराळी आहे. हंसूं हें सांथीसारखें एकापासून दुसऱ्यास लागतें. एकट्यानें वाचतांना ज्या वाक्यावर ओठांचा कोपरा जेमतेम हलतो, त्याच वाक्यावर चारशें माणसांत बसलें असतां पोट धरून हंसावयाची पाळी येते. विनोदकारानें केलेली कोटी हा व्यवहाराचा निम्मा भाग. उरलेला निम्मा भाग समोरच्या हंशानें पुरा व्हावयाचा असतो.

ह्याचा अनुभव ह्या घटकेस मलाच येत आहे. माझ्यासमोर एक ध्वनिक्षेपक आहे आणि कांचेपलीकडे एक गृहस्थ घड्याळाकडे पाहत बसले आहेत. मीं एखादी कोटी केली, तर ती आपणांस रुचली कीं आपण त्याच क्षणीं बटण फिरवून गाणीं लावलींत, हें मला कळण्यास मार्ग नाहीं. विनोदी चित्रपट करणाराची स्थिति थेट अशीच असते. चित्रण चालू असतांना कोणी हंसलें तर ध्वनिमुद्रण बिघडतें, म्हणून सर्वांनीं ओठ मिटून उभें राहावयाचें. जेथें हंसावयाचें तेथेंच हंसण्याची बंदी! पुढें संकलक तोच प्रसंग पन्नास वेळां, शंभर वेळां पाहतो. तिसऱ्या वेळेस त्याचें हंसूं आटतें, दहाव्या वेळेस ह्यांत हंसण्यासारखें कांहीं होतें काय अशी शंका येऊं लागते. आणि तरीहि त्याला ठरवावें लागतें कीं, ह्या वाक्यानंतर प्रेक्षक किती वेळ हंसतील. थोडी जागा सोडली तर पुढचें वाक्य हंशांत बुडतें. अधिक सोडली आणि हंशा आला नाहीं, तर पडद्यावर एक भगदाड पडतें. तमाशांतला नट हंशा ओसरेपर्यंत थांबतो. पडद्यावरचा नट कोणासाठींहि थांबत नाहीं.

म्हणून शहाणे विनोदकार कांहीं तरी करून प्रेक्षकांना आधींच गांठतात. अमेरिकेंतील मार्क्स बंधूंनीं १९३५ सालच्या 'अ नाइट अॅट दि ऑपेरा' ह्या चित्रपटांतील प्रसंग चित्रणापूर्वीं रंगभूमीवर गांवोगांव करून पाहिले. कोणत्या वाक्यास किती हंशा पडतो हें पारखून घेतलें, नापास झालेलीं वाक्यें काढलीं, आणि मग कॅमेऱ्यापुढें उभे राहिले. अमेरिकेंतल्या ह्या बड्या कंपनीनें मोठ्या खर्चानें जो उपाय योजला, तो आपल्या जुन्नर-आंबेगांवकडील फडांना मात्र परंपरेनेंच ठाऊक आहे.

तमाशाची मांडणी आपल्यापैकीं पुष्कळांस माहीत असेल. आरंभीं गण, मग गवळण, तींत लुगडें नेसलेल्या पुरुषानें वठविलेली मावशी; नंतर बतावणी, आणि शेवटीं वग. जुन्या वगाचे संवाद अथपासून इतीपर्यंत लिहून ठेवलेले नसत. कथानक ठरलेलें, प्रवेश ठरलेले, गाणीं बांधलेलीं; परंतु बोलणें त्या त्या रात्रीं, त्या त्या गांवापुढें उभें राहून करावयाचें. ह्या बोलण्याचा धनी सोंगाड्या. त्यानें राजाची टोपी उडवावी, पाटलाचा रुबाब उतरवावा, पहिल्या रांगेंत बसलेल्या पंचालाच दोन शब्द ऐकवावे, आणि लोक हंसतात असें दिसलें कीं तोच धागा आणखी ओढावा. घोडेगांवांत जी कोटी वाजली ती ओतुरांत वाजेलच असें नाहीं. न वाजली तर ती सोडून दुसरी काढावयाची, आणि हा बदल पुढच्या वाक्याच्या आंत व्हावयाचा. म्हणजे जें काम संकलक अंधाऱ्या खोलींत अंदाजानें करतो, तें सोंगाड्या दिव्याच्या उजेडांत, हजार माणसांच्या साक्षीनें करीत असतो.

ह्या व्यवस्थेंत सुपारीला किती मोल आहे, हें नारायणगांवच्याच विठाबाईंच्या चरित्रावरून कळून येतें. भाऊ-बापू मांग नारायणगांवकर ह्या घरच्या फडांतून त्या पुढें आल्या. १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. दिवस भरत आले असतांना त्या एकदां खेळाला उभ्या राहिल्या होत्या. खेळ चालू असतांच त्या प्रसूत झाल्या आणि कांहीं वेळानें पुन्हां रंगमंचावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. ही गोष्ट कौतुकानें सांगितली जाते. मला ती ऐकतांना कौतुकाबरोबर कांटाहि बोचतो. समोर लोक बसलेले आहेत, सुपारी घेतलेली आहे, म्हणून खेळ थांबवावयाचा नाहीं, ही तमाशाची रीत. तिकडे लंडनला खेळ तयार होता आणि लोक नव्हते. इकडे लोक होते म्हणून बाळंतिणीलाहि सुट्टी नव्हती.

तेव्हां राहुटीची पद्धत सर्वगुणसंपन्न आहे, असें माझें म्हणणें नाहीं. गिऱ्हाईक आधीं आलें म्हणजे त्याची आवडहि आधीं येते. चित्रपटांतलीं गाणीं हवींत असा धोशा लागतो आणि वग आंखडतो. विठाबाईंचे अखेरचे दिवसहि हलाखींतच गेले. २००२ सालीं त्या निवर्तल्या आणि त्यांच्या नांवाचा शासकीय पुरस्कार मागाहून सुरू झाला. आणि गिऱ्हाईकच नाहींसें झालें म्हणजे काय होतें, हें २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांनीं दाखवून दिलें. कोरोनाच्या सांथींत जत्रा बंद झाल्या. ऐन हंगामांत राहुट्या ओस पडल्या. फडमालकांनीं उचल देऊन कलावंत बांधलेले, गाड्यांचें व साहित्याचें कर्ज डोक्यावर, आणि विचारावयास एकहि गांव नाहीं. त्या दोन हंगामांत बसविलेले किती वग लोकांपुढें आलेच नसतील! त्यांच्या प्रती कोणत्याहि कपाटांत नाहींत. सोंगाड्याची न उच्चारलेली कोटी कोणास मागाहून शोधून काढतां येत नाहीं.

आतां ह्या दोन जगांच्या मधोमध उभ्या असलेल्या एका माणसाकडे वळूं. कृष्णा उर्फ दादा कोंडके ह्यांचें नांव माहीत नाहीं असा मराठी श्रोता विरळा. चित्रपटांत येण्यापूर्वीं ते लोकनाट्याच्या फळीवर वाढले. वसंत सबनीस ह्यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' ह्या १९६५ सालच्या लोकनाट्यांत ते हवालदार होत. ह्या नाटकानें पंधराशेंवर प्रयोगांची मजल गांठली, आणि त्यांतील कित्येक कोट्या दादांनीं ताज्या बातम्यांवर, समोर बसलेल्या माणसांवर त्या त्या रात्रीं रचल्या. रीत तमाशाची, स्थळ शहरांतलें नाट्यगृह. पंधराशें रात्रीं हंशा पारखून घेतलेला असा माणूस चित्रपटाकडे वळला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती' मध्यें १९६९ सालीं त्यांनीं काम केलें आणि मग स्वतःच निर्माता होण्याचें ठरविलें. सबनिसांनीं लिहिलें, गोविंद कुलकर्णी ह्यांनीं दिग्दर्शन केलें, राम कदम ह्यांनीं संगीत दिलें. नायिका उषा चव्हाण. कथा एका भोळ्या पोराची: तमाशाच्या नादीं लागलेल्या नाम्याला आई घराबाहेर काढते आणि तो फडांतच जाऊन राहतो. चित्रपटाचें नांवहि तमाशांतूनच उचललेलें: 'सोंगाड्या'.

हा चित्रपट १९७१ सालचा. लंडनला 'ऑझ' चा खटला चालला तेंच हें वर्ष. चित्रपट तयार झाला, सेन्सॉर मंडळाकडून संमत झाला. पण मुंबईंत दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाशीं गांठ पडली. तेथें 'सोंगाड्या' ला वाव न मिळतां देव आनंद ह्यांच्या 'तेरे मेरे सपने' ह्या हिंदी चित्रपटास जागा मिळणार, असें ठरलें. चित्रपटगृहाच्या मालकाच्या बाजूनें पाहिलें तर हिशेब सरळ होता. एकीकडे देशभर गाजलेला नट, दुसरीकडे अर्ध्या विजारीची नाडी लोंबत ठेवणारा एक नवखा मराठी निर्माता. परंतु दादा गप्प बसणारे नव्हते. ते बाळासाहेब ठाकरे ह्यांच्याकडे गेले. शिवसैनिकांनीं चित्रपटगृहापुढें आंदोलन केलें. आणि 'सोंगाड्या' पडद्यावर आला. पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. लोकांची रीघ लागली, रौप्यमहोत्सव झाला, आणि दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनीं रौप्यमहोत्सव साजरे केल्याची नोंद गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकांत झाली.

ह्या प्रकरणांत रस्त्यावरच्या बळाचा जो भाग आहे, त्याबद्दल मतभेद असूं शकतील. प्रत्येक निर्मात्यामागें असें बळ उभें राहणार नाहीं, आणि राहूं नये असेंहि कोणी म्हणेल. मला आज लक्ष वेधावयाचें आहे तें दुसऱ्या गोष्टीकडे. जो चित्रपट पुढें इतक्या लोकांनीं पाहिला, तोच चित्रपट दारावर अडला असतांना वाईट होता आणि दार उघडतांच चांगला झाला, असें तर नव्हे! चित्रफितीवरचें एक अक्षरहि बदललें नव्हतें. बदललें तें इतकेंच कीं, हंशा पुरा करणारी माणसें समोर येऊन बसलीं.

चित्रपट आणि प्रेक्षक ह्यांच्यामध्यें अशीं तीन दारें असतात. पहिलें दार मालकाचें. 'हिप्पी हिप्पी शेक' तेथें थांबला. दुसरें दार सरकारचें. अमृत नाहटा ह्यांच्या 'किस्सा कुर्सी का' ह्या राजकीय प्रहसनाचें उदाहरण आपल्याच देशांतलें आहे. १९७५ सालीं तो सेन्सॉरकडे गेला, आणीबाणींत जप्त झाला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्यांत आल्या. नाहटांनीं तो पुन्हां नव्यानें घडविला आणि १९७८ सालीं लोकांपुढें आणला. तिसरें दार चित्रपटगृहाच्या मालकाचें. तेथें 'सोंगाड्या' अडला होता. पहिल्या दाराशीं धास्ती बसलेली असते ती पैशाची, दुसऱ्या दाराशीं सत्तेची, तिसऱ्या दाराशीं सवयीची. पण तिन्ही दारांवर उभा असलेला माणूस हंशाचा अंदाज करीत असतो. हंशा त्यानें ऐकलेला नसतो.

मग कायद्यानें हीं दारें उघडीं ठेवतां येतील काय? हा प्रयत्नहि झालेला आहे. अमेरिकन चित्रपटांपुढें आपले चित्रपट टिकेनात, असें दिसून आल्यावर ब्रिटनमध्यें १९२७ सालीं एक कायदा झाला. प्रत्येक चित्रपटगृहानें ठराविक प्रमाणांत ब्रिटिश चित्रपट दाखविलेच पाहिजेत असें त्यानें ठरविलें, आणि हें प्रमाण क्रमाक्रमानें वीस टक्क्यांपर्यंत वाढविलें. परिणाम असा झाला कीं, केवळ हिस्सा भरून काढण्यासाठीं स्वस्तांतले चित्रपट झपाट्यानें निघूं लागले. त्यांपैकीं कांहीं चित्रपट सकाळीं झाडलोट करणाऱ्या बायकांपुढेंच चालवून कागदोपत्रीं पूर्तता केली जाई, असें तेथील लोकच हंसत हंसत सांगतात. महाराष्ट्र शासनानेंहि २०१५ सालीं बहुपडदा चित्रपटगृहांनीं मराठी चित्रपटास दिवसाच्या मुख्य वेळेंत जागा द्यावी असा आग्रह धरला. असे नियम उपयोगाचे आहेत, कारण दार उघडल्यावांचून आंत जातां येत नाहीं. परंतु कायदा दार उघडूं शकतो, खुर्च्या भरूं शकत नाहीं. त्या भरण्याचें काम शेवटीं तुमचें-आमचें.

येथें चार्ली चॅप्लिनची एक गोष्ट सांगतों. हा जन्मानें लंडनचा. इंग्लंडच्या लोकरंजक रंगभूमीवर तयार झालेला. १९१९ च्या सुमारास त्यानें 'द प्रोफेसर' नांवाच्या एका लहानशा विनोदी चित्रपटाचें काम हातीं घेतलें. त्यांत पिसवांची सर्कस दाखविणारा एक फाटका प्रोफेसर आहे; रात्रीं धर्मशाळेंत त्याची पेटी उघडते, पिसवा पसार होतात आणि सगळी धर्मशाळा खाजवीत उठते. हा चित्रपट चॅप्लिननें प्रदर्शित केलाच नाहीं. परंतु पिसवांची ती कल्पना त्याच्या मनांतून गेली नाहीं. सुमारें तीस वर्षांनंतर, १९५२ सालच्या 'लाइमलाइट' मध्यें तोच खेळ त्यानें नव्या रूपानें केला. आणि ती जुनी चित्रफीत १९८३ सालीं त्याच्यावरील एका ब्रिटिश माहितीपटांत लोकांना पाहावयास मिळाली. चॅप्लिन तेव्हां हयात नव्हता. लोक मात्र हंसले.

चांगली कोटी अशी चिवट असते. ती वाट पाहूं शकते. पण वाट पाहणें हा कांहीं तिचा धर्म नव्हे. तिचा धर्म त्याच रात्रीं, त्याच माणसांपुढें, कानांवर पडतांच फुटण्याचा. आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. 'हिप्पी हिप्पी शेक' ची सुपारी कोणाची होती? ती कोणाचीच नव्हती, म्हणून तो राहिला. 'सोंगाड्या' ची सुपारी कोणा चित्रपटगृहाची नव्हती. ती त्या पंधराशें रात्रींच्या प्रेक्षकांची होती, हें दादांना माहीत होतें, आणि तेवढ्या भरंवशावर ते दार ठोठावीत राहिले.

पुढल्या चैत्रांत आपल्यापैकीं कोणी नारायणगांवावरून जाणार असेल, तर त्यानें राहुट्यांपाशीं घटकाभर थांबावें. वहींत तारखा लिहिल्या जात असतील, विसार मोजला जात असेल. एखाद्या राहुटीच्या मागें एखादा सोंगाड्या पटका सोडून निवांत बसलेलाहि दिसेल. त्याच्या डोक्यांत ह्या हंगामाच्या कोट्या तयार असतात. त्या चांगल्या आहेत कीं नाहींत, हें त्यालाहि अजून माहीत नसतें. तें तुम्हीं सांगावयाचें असतें.